टोपलीतला अहिराज

माझ्या पायाला भिंगरी आहे असं माय म्हणायची, आणि ते काही कौतुकानं नव्हे. तांदूळ निवडायला बसवलं तर दोन मुठी निवडून मी उठायची, मागच्या बाडीत जायची, पपईच्या झाडाला उगाच हात लावून यायची, तोवर सुपातले तांदूळ चिमण्यांनी वाटून घेतलेले असायचे. मग तेच सूप माझ्या पाठीत बसायचं. बारावी होऊन मी घरात बसले होते, त्या वर्षाचं हे सांगते आहे. बाबा म्हणत टायपिंग शिक, प्लांटमध्ये कधीमधी जागा निघते. माय म्हणे भंडाऱ्याकडचं एक स्थळ आलंय, पाहून तर घेऊ. आणि मला कॉलेजात जाऊन प्राणिशास्त्र शिकायचं होतं. ते नुसतं बोलले तरी दोघं एकदम गप्प होत, बाहेर पडताना कुणी शिंकल्यावर माणूस उंबऱ्यात थांबतो तसे. मग थोड्या वेळानं बाबा विचारत, "भाजी काय केली आज?" विषय संपला.

भिलाईच्या सेक्टरात आमचा क्वार्टर अगदी शेवटच्या ओळीत होता. पुढे व्हरांडा, मग दोन खोल्या, मागे बाडी. घरामागच्या भाजीपाल्याच्या जागेला बाडी म्हणायचं हे आम्ही छत्तीसगढी शेजाऱ्यांकडून शिकलो. बाडीच्या तारेपलीकडे नाला, आणि नाल्यापलीकडे थेट धानाची शेतं. प्लांटचा भोंगा झाला की सायकलींचा लोंढा समोरच्या रस्त्यानं जायचा, तो ओसरला की मालगाडीच्या वाघिणींचा खडखडाट ऐकू यायचा, आणि दोन्ही थांबलं की नाल्यातले बेडूक. बाबा प्लांटच्या कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवर होते. घरी आले की कानाच्या पाळीमागेही काळं असायचं, आणि माय मोरीशी उभी राहून ओरडायची, "कान धुवा आधी, मंग जेवाले बसा!" जेवायला लाखोरीच्या डाळीचं वरण, आंबाडीची भाजी, तांदळाची भाकर. रोज तेच, आणि रोज बाबा पहिल्या घासाला "वाहवा" म्हणत. दोरीवरचे कपडे वाळेपर्यंत त्यांवर लालसर धूळ बसायची, ती झटकून घड्या घालायचं काम माझं. मी ते इतक्या जोरात झटकायची की माय म्हणे, "कपडे झटकून रायली का कोणाचा राग काढून रायली?" खरं सांगायचं तर राग काढत होते. कुणाचा ते मलाही ठाऊक नव्हतं.

त्या पावसाळ्यात घर आणखीच अस्वस्थ होतं, कारण पुष्पाताई बाळंतपणाला आलेली होती. तिचं सासर गोंदियाचं. पहिला मुलगा विसाव्या दिवशी गेला होता, त्याचं नावही ठेवायचं राहिलं होतं. आता ही मुलगी, अडीच महिन्यांची, चिमी म्हणायचो आम्ही. चिमी दोन घोट प्यायची आणि थकून झोपून जायची. रडायची तेही एवढंसं, मांजरीच्या पिलासारखं. त्या रडण्याकडे सगळ्या घराचे कान लागलेले असायचे. रडली तरी धास्ती, नाही रडली तर जास्तच. ताई रात्रंदिवस तिच्या नाकापुढे बोट धरून श्वास पाहायची. माय उतारे टाकायची, दृष्ट काढायची, मीठ-मोहरी सिगडीत तडतडायची. बाबा काही बोलत नसत, पण कामावर निघताना पाळण्यात डोकावल्याशिवाय सायकलला हात लावत नसत. अशा घरात दिवसभर बसून दाखवा म्हणावं कुणी. मी सारखी नाल्याकडे पळायची.

नाल्यावर साप असत. सापांचं वेड मला शाळेतल्या मिश्रा सरांनी लावलं. त्यांच्या प्रयोगशाळेत काचेच्या बरण्यांमध्ये साप ठेवलेले होते, आणि सर एकेका बरणीवर टिचकी मारून विचारायचे, "बोलो, काटेगा तो मरोगे कि बचोगे?" उत्तर घाईनं दिलं की पट्टी. सरांचं एकच सांगणं, आधी पाहा, मग बोला. धामण पिवळट, लांबलचक, ओठांवर काळ्या रेघा, बिचारी उंदरांमागे फिरते, आणि लोक नाग म्हणून ठेचतात. पाण्यातलं दिवड चिडकं असतं, कडकडून चावतं, पण विष नाही. घोणस जाडजूड, पाठीवर साखळीसारखे ठिपके, आणि कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते, तिच्यापासून दहा हात लांब. नागाला शिकवावं लागत नाही, तो स्वतःच ओळख देतो. खरी गोची मण्यारीची. काळीभोर, चकचकीत, अंगावर पांढऱ्या बारीक रेघा, आणि दंश असा की मुंगी चावल्याइतकंही कळत नाही, माणूस झोपेतच जातो. तिच्यासारखाच दिसणारा कवड्या मात्र अगदी गरीब, पाली खाऊन राहणारा. दोघांमधला फरक मला पाठ होता. आता हसू येतं. पाठ असणं आणि डोळ्यांना दिसणं यांत केवढं अंतर असतं ते मला त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात कळलं होतं.

झालं असं की वैशाखात आमच्या न्हाणीत एक साप निघाला. काळसर, पांढरे पट्टे. मी दारातूनच किंचाळले, "मण्यार! मण्यार!" बाबा नाईट करून झोपले होते, ते लुंगीवरच उठले, शेजारचे दोघं लाठ्या घेऊन आले, आणि मिनिटभरात काम झालं. मला काय वाटलं असेल! गल्लीत मी शेर झाले. मेलेला साप मी मायच्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घातला आणि छाती काढून सरांच्या घरी घेऊन गेले. सरांनी बरणी उजेडात धरली. हळूहळू फिरवून पाहिली. मग म्हणाले, "पट्टे कहाँ से शुरू हैं? गिनो." मी मोजायला लागले आणि माझं बोट मधेच थांबलं. पट्टे मानेपासून सुरू होत होते, पुढे ठळक आणि शेपटीकडे विरत गेलेले. मण्यारीचं नेमकं उलट असतं, पुढचा भाग जवळजवळ साधा आणि मागे रेघा स्पष्ट, दोन-दोनच्या जोडीनं. हा कवड्या होता. "बेचारा छिपकली खाने आया था तुम्हारे घर," सर म्हणाले. एवढंच. पट्टी मारली असती तर बरं झालं असतं.

ही झाली पहिली चूक. दुसरी अशी की मी घरी येऊन ते सगळ्यांना सांगितलं. लपवायचं कशाला, असा माझा बाणा. गल्लीला तेवढंच हवं होतं. पोरं मला "कवड्या दीदी" म्हणायला लागली. मायनं बरणी फोडून टाकली आणि आठवडाभर ऐकवलं, "चांगली दोन शेराची बरणी होती माही! त्यात साप घातला ह्या भैताडीनं, अन् तोही बिनविषाचा!" विषारी असता तर बहुतेक चाललं असतं.

श्रावणात, नागपंचमीनंतर चार-पाच दिवसांनी, शेजारच्या दुलारी काकीच्या बाडीत अहिराज निघाला. काकी मूळची अहिवाऱ्याकडची, तिचा नवरा बाबांच्याच खात्यात. आमच्या दोन घरांमध्ये फक्त तारेचं कुंपण होतं आणि त्यातून दिवसभर वाट्या इकडून तिकडे जायच्या, आमचा झुणका तिच्याकडे, तिचे चिले, म्हणजे तांदळाची धिरडी, आमच्याकडे. सकाळी नऊच्या सुमारास काकीची हाक आली, "अहिराज आए हे! अहिराज!" मी भाकर टाकून धावले. काकीच्या म्हाताऱ्या सासऱ्यानं तो काठीनं उचलून बांबूच्या टोपलीत ठेवला होता. काय साप होता तो! मनगटाएवढा जाड, चार हात लांब, काळा-पिवळा, काळा-पिवळा, बरोबर सारख्या मापाचे पट्टे, जणू कुणी रंगाऱ्यानं दोरी लावून ओढले असावेत. वेटोळं करून, डोकं वेटोळ्याखाली लपवून पडला होता. पाठीचा कणा वर आलेला, त्यामुळे अंग तिकोनी दिसत होतं. शेपटीचं टोक टोकदार नव्हे, बोथट, तुटल्यासारखं. सरांच्या शेवटच्या बरणीत हाच होता. पट्टेरी मण्यार. आमच्या भंडाऱ्याकडे त्याला आग्या मण्यार म्हणतात आणि नाव काढलं तरी म्हातारी माणसं कानाला हात लावतात.

आणि इथे बायका त्याला हळद-कुंकू लावत होत्या. छत्तीसगढी लोकांत अहिराज म्हणजे सापांचा राजा. तो दुसरे साप खातो, हे खरंच आहे, म्हणून तो जिथे निघेल तिथे बरकत, आणि तो माणसाला कधीच चावत नाही, अशी श्रद्धा. एकेक बाई यायची, त्याच्या पाठीवर तळवा टेकवायची आणि तो तळवा कपाळाला लावायची. साप हलतसुद्धा नव्हता. दिवसा तो असाच सुस्त असतो, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "काकी, ये मत करो, ये बहुत ज़हरीला है." काकी अगदी मायेनं हसली, पोरीला नोनी म्हणायची ती. "ए तो अहिराज आय नोनी. कोनो ला नइ चाबय." मी पाठीचा कणा दाखवला, शेपटी दाखवली. मागून एक बाई म्हणाली, "कवड्या दीदी आ गई." सगळ्या हसल्या. माझे कान तापले. आता सत्तरीला आले तरी ते हसू आठवलं की मला उठून दोन फेऱ्या माराव्या लागतात.

मग काकी टोपली घेऊन तारेच्या फाटकातून आमच्या व्हरांड्यात आली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, उलट ती पहिला मान आम्हाला द्यायला आली होती. अहिराजाच्या पाठीला बाळाचा तळवा लावला की बाळाला आयुष्य मिळतं, म्हणाली. मायनं लगेच पाट मांडला. भंडाऱ्याची माझी माय, जिनं आग्या मण्यारीच्या गोष्टी सांगून आम्हाला लहानपणी भीती घातली होती, तीच!

"माय, तो आग्या मण्यार आहे. तूच तर सांगत होती ना?" मी म्हटलं.

"तो आपल्या गावचा. हा ह्यांच्या गावचा. ह्यांचा देव ह्यांले माहीत." 

"साप गाव पाहून विष ठेवते काय?"

"चूप बस वं! तवा गरीब जनावर मारून टाकलं, अन् आता देवाले विषारी म्हणून रायली. तुह्यं कोणतं खरं मानावं मानसानं?"

ताई चिमीला घेऊन पाटावर बसली. तिचे डोळे खोल गेले होते. मी तिच्यापुढे जाऊन बसले आणि म्हटलं, ताई, माझं ऐक. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाली, "शोभा, एक गेलं माह्यं. हे जगाले पायजे. त्यासाठी कोणी पेटत्या इस्तवावर हात ठेव म्हटलं तरी ठेवीन मी. तू नको बोलू."

आता जे सांगते ते मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. व्हरांड्यात तोवर दहा-बारा बाया जमल्या होत्या. मुलीचं अंग पुसून घेऊ, म्हणून माय पाणी आणायला गेली, तेवढ्यात आणखी दोघी-तिघींनी सापाच्या पाठीवर हात ठेवला. मी खांबाला टेकून पाहत होते, आणि माझ्या मनात स्वच्छ शब्दांत आलं, चाव ना. एखादीला तरी चाव. मग कळेल ह्यांना. मला कवड्या दीदी म्हणणाऱ्या बाईचा हात पुढे आला तेव्हा तर मी श्वास रोखून धरला होता. साप चावला नाही, आणि मला वाईट वाटलं. होय, वाईट वाटलं. मग मायनं ओला फडका आणला, ताईनं चिमीची मूठ उघडली, लिंबाच्या फोडीएवढा तो तळवा टोपलीवर आला, आणि तरी ते मनातलं बोलणं लगेच थांबलं नाही. एक क्षण ते चालूच होतं. त्या एका क्षणाची मला एवढी दहशत बसली की मी विचारबिचार काही केला नाही. झडप घालून टोपली उचलली आणि व्हरांड्याच्या पायऱ्या उतरले.

मागे एकच गलका उठला. माय ओरडत होती, काकी ओरडत होती, ताईचा आवाज सगळ्यांच्या वर, "आण इकडे! शोभा, आण म्हणते ना!" मी थांबले नाही. उघडी टोपली दोन्ही हातांनी अंगापासून लांब धरून, फुफाट्यासारखं तापलेलं डोकं घेऊन, भर रस्त्यानं निघाले. जनरल शिफ्टला उशीर झालेले एक-दोघं सायकलवरून आले, टोपलीत पाहिलं आणि सायकलसकट गटारात उतरले. नाल्यावरच्या पुलाशी आल्यावर सापानं डोकं बाहेर काढलं. काळं डोकं, त्यावर बाणासारखी पिवळी खूण. ते टोपलीच्या काठावर टेकवलं, माझ्या अंगठ्यापासून चार बोटांवर. जीभ बाहेर आली, आत गेली. माझे हात भरून आले होते, पण टोपली टाकली तर तो पायावर पडणार. मी तशीच उभी राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग त्यानं डोकं पुन्हा वेटोळ्यात घातलं, आणि मी नाल्याच्या काठी एक फुटका सिमेंटचा नळ पडला होता, त्याच्या तोंडाशी टोपली कलती केली. तो आत गेला, अगदी सावकाश, राजासारखाच.

परत आले तेव्हा सगळ्या फाटकाशी उभ्या होत्या. काकी म्हणाली, "देखे? तोला घलो नइ चाबिस." तुलासुद्धा नाही चावला. आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. घ्या! मी इतकी धावपळ केली ती त्यांचंच म्हणणं सिद्ध करायला. मला रडावं की हसावं कळेना. ताई मात्र आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली होती. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त म्हणाले, "देवाची गोष्ट होती, बेटा. इतकं तातडीनं करू नये." बाबांनी "बेटा" म्हटलं की समजायचं, ते फार दुखावले आहेत.

तिसऱ्या दिवशी चिमीला ताप चढला. आधी कोमट, मग चटका बसेल असा. तिनं पिणं सोडलं. छाती लोहाराच्या भात्यासारखी चालली होती. मी म्हटलं दवाखान्यात नेऊ, तर ताईनं तिला छातीशी आवळून धरलं. पहिला मुलगा तिनं गोंदियाच्या दवाखान्यात सोपवला होता आणि तिच्या हाती परत आला तो गुंडाळलेलाच, त्यामुळे दवाखान्याचं ती नावही काढू द्यायची नाही. बाबा पहिल्या पाळीला गेलेले. माय माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ओरडली असती तर सोपं गेलं असतं, पण ती हळूच म्हणाली, "आण तो साप. तूनं नेला, तूच आण. एकदा हात लागू दे, मंग जाऊ दवाखान्यात."

मी गेले. हसा हवं तर, पण गेले. तीच टोपली घेतली, काकीच्या सासऱ्याची काठी घेतली आणि पावसात नाल्याकाठी साप शोधायला निघाले. सापांना वाचवायला शिकलेली मी, सापानं भाचीला वाचवावं म्हणून त्याला शोधत होते. फार शोधावंच लागलं नाही. फुटक्या नळात वाकून पाहिलं आणि तो तिथेच होता, कोरड्या भागात, वेटोळं घालून, डोकं खाली. हाताच्या अंतरावर. काठीनं ओढला असता तर निमूट टोपलीत आला असता.

मी चिखलात बसले. नेला तर? बहुतेक काही होणार नाही. चावणार नाही बहुतेक. ताईला धीर येईल, माय राजी होईल, मग दवाखाना. आणि चिमीचं काही वाईट झालं तर निदान माझ्या नावावर नाही. न नेता चिमी गेली तर जन्मभर ताई माझ्याकडे ज्या नजरेनं पाहील ती मला त्या नळात स्पष्ट दिसत होती. काठी मी दोनदा आत घातली, दोनदा बाहेर काढली. त्या "बहुतेक"वर सगळं येऊन अडत होतं. दुसऱ्याच्या अडीच महिन्यांच्या लेकराचा हात त्या शब्दावर कसा ठेवायचा? आणि परवा मनात काय आलं होतं ते मला ठाऊक होतं ना. मी रिकामी टोपली उचलली आणि पळत सुटले.

दारात ताई उभी होती. "सापडला?"

नाही म्हणता आलं असतं. कुणाला कळलं असतं? पण तो बाणा, मेला, कुठे जातो! "सापडला. पण आणला नाही."

तिनं माझ्या थोबाडीत मारली. एक, मग दुसरी. मी तिचे हात धरले नाहीत. तिसऱ्या वेळी हात उचलला आणि ती तशीच ओक्साबोक्शी रडायला लागली, तेव्हा मी मायच्या मांडीवरून चिमीला उचललं. ओठ निळसर दिसत होते. "मी हिला घेऊन चालले," म्हटलं, "यायचं तर या." बाहेर धो धो पाऊस. फाटकाशी दुलारी काकी छत्री घेऊन उभी होती, तिनं सगळं ऐकलं असणार. मला वाटलं आता ही आडवी येते. ती चिमीवर छत्री धरून माझ्या बरोबरीनं चालायला लागली आणि मागे वळून ताईवर खेकसली, "पहिली अस्पताल चल, झगरा बाद मा!" ताई अनवाणी मागे आली. सबंध वाटभर ती मला शिव्या देत होती आणि काकी छत्री सांभाळत म्हणत होती, जल्दी, नोनी, जल्दी.

न्युमोनिया निघाला. नाकात नळी, हाताला सुई, त्या एवढ्याशा हाताला शीर सापडेना म्हणून डोक्यात टोचली तेव्हा ताई बाहेर भिंतीला धरून बसली. चार दिवस कुणीच काही सांगेना. बाबा पाळी संपली की तसेच काळ्या कानांनी येऊन बाकावर बसत. काकी रोज चिल्यांचा डबा आणायची आणि रोज विचारायची, "नोनी खाइस का?" ती मला विचारते आहे की चिमीविषयी, हे कळायचं नाही, दोघीही तिच्या नोनीच. ताई माझ्याशी चकार शब्द बोलत नव्हती. मला एका जागी बसणं शक्यच नव्हतं, मी त्या व्हरांड्याच्या इकडून तिकडे फेऱ्या मारायची, इतक्या की एक सिस्टर म्हणाली, "बैठ जाओ ना, मेरा सर घूम रहा है."

आज मी शिक्षिका म्हणून निवृत्त होऊन भिलाईजवळच, जामुलच्या रस्त्याला राहते. कॉलनीतली मुलं मोबाईलवर सापांचे फोटो पाठवून विचारतात, मावशी, ज़हरीला है क्या? मी दोनदा-तीनदा फोटो मोठा करून पाहते, मगच लिहिते. पट्टेरी मण्यारीचा फोटो आला की सांगते, विषारी आहे, हात लावू नका. तर दर वेळी कुणीतरी विचारतंच, पण चावतो का? हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला तो ताईनं, दवाखान्यातल्या पाचव्या दिवशी. चिमीचा ताप पहाटेच उतरला होता. नळी काढली होती, आणि ती पहिल्यांदा पोटभर प्यायली होती, आवाज करून, अधाशासारखी. ताईच्या पदराखालून तो चुटूचुटू आवाज येत होता आणि मी फेरी मारता मारता दाराशी थांबले. ताईनं मान वर केली.

"शोभा, तो चावला असता काय वं खरंच?"

मला पट्टे माहीत होते, कणा माहीत होता, शेपटी माहीत होती. सगळं पाठ होतं. हो म्हणाले असते तर मी जिंकले असते, आणि तिनं ते मानलंही असतं त्या दिवशी.

"माहीत नाही, ताई," मी म्हटलं.

तिच्या पदराखालचं पिणं चालूच होतं.

"माहीत नाही न? मंग नेला ते बरं केलं," ती म्हणाली, आणि सरकून खाटेवर मला बसायला जागा केली. मी बसले. चिमीचं पिऊन होईपर्यंत बसले.